चष्म्याची काच

टिपणीसांनी कुंदाच्या बाबांचा चष्मा चिमट्याने उचलून यंत्रात ठेवला. बोलताना तोंडातून निघालेले हवेचे रेणू काचेवर आदळून कसे विखुरले, याच्या खुणा काचेवर राहतात. त्यांवरून यंत्र ते बोलणं पुन्हा जुळवत असे. बाबा गेले तेव्हा कुंदा दवाखान्यात पोचली नव्हती. चष्मा त्यांच्या उशीवर, तोंडाजवळच होता. नर्स म्हणाली होती, "तुमच्यासाठी काहीतरी सांगत होते."

"काच फारच लख्ख आहे हो," टिपणीस म्हणाले. "कुणी पुसली का?"

"मीच. वर्षभर रोज पुसून फोटोपुढे ठेवते. धूळ त्यांना खपायची नाही."

"कशाने पुसता?"

"पदराने. आधी तोंडाने वाफ देऊन..." ती थांबली.

टिपणीसांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. "यंत्र सुरू करू, ताई? की राहू दे?"

"करा."

थोडी खरखर झाली. मग अगदी जवळून एक बाई हळूच म्हणाली, "चला बाबा, आज तुमचं ऐकायला जाऊ."

आवाज कुंदाचाच होता, आज सकाळचा. त्याच्या मागे काहीच नव्हतं.