टेबलाखालची चिठ्ठी

थोरला टेबलाखाली पाठीवर झोपला होता. पोटामुळे आत शिरायलाच पाच मिनिटं गेली होती. बायको टॉर्च धरून वाकली होती. एक डोळा दारावर.

"आहे का?"

"आहे. धाकटीचं नाव."

त्याचा बाप जन्मभर पुस्तकांची बांधणी करत आला. आजारपणात त्यानं दोन्ही मुलांना सांगून ठेवलं होतं, "कुणाला काय, त्याच्या चिठ्ठ्या सामानाला खालून चिकटवल्यात. मी गेल्यावर बघा." बापाला जाऊन चार दिवस होत नाहीत तोच या दिवट्यानं अख्खं घर पालथं घातलं. चिठ्ठ्या निघाल्या दोनच. त्याची स्वतःची एका मोडक्या घडीच्या खुर्चीखाली. आणि ज्या शिसवी टेबलावर जुन्या सामानाचा व्यापारी कधीपासून डोळा ठेवून होता, ते धाकट्या बहिणीला.

"आठ वर्षं तिनं बापाचं हगणंमुतणं काढलं, ते काही फुकट नाही," बायको म्हणाली. ही बाई सासऱ्याला भेटायला वर्षातून एकदा यायची, तीही घड्याळाकडे बघत.

थोरल्यानं नखानं चिठ्ठी खरवडली. बाइंडरची खळ ती, तुकड्यातुकड्यानं निघाली. तुकडे बायकोच्या पर्समध्ये गेले. मग खुर्चीखालची आपली चिठ्ठी त्यानं किटलीच्या वाफेवर अलगद सोडवली आणि टेबलाखाली डकवली. अक्कल होती, पण फक्त असल्याच कामाला.

"आता तिचं नाव कशालाच नाही," तो म्हणाला. "बाबांनी तिला कशातच धरलं नाही, असंच दिसणार. मग घरात तरी कशाला राहते?"

दुसऱ्या दिवशी वकीलबाई मृत्युपत्राचं पाकीट घेऊन आल्या. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. बापाच्या दुखण्यात तिची नोकरी सुटली होती, आणि हे घर गेलं तर तिला दुसरं छप्पर नव्हतं.

वकीलबाईंनी पाकीट फोडलं नाही. बापानं बजावून ठेवल्याप्रमाणे आधी सगळं सामान उलटं करून पाहिलं. चिठ्ठी एकच निघाली.

"तुमच्या नावाची कुठेच नाही?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"बाबा म्हणाले होते, आहे म्हणून."

"आजारी माणूस काय, कुणाचंही मन राखतो," थोरला म्हणाला. किती मायेनं म्हणाला, काय सांगावं.

"मग तसं लिहून द्या. घर नीट शोधलं, एकच चिठ्ठी सापडली, ती तुमची."

"आनंदानं."

त्यानं लफ्फेदार सही ठोकली. खाली बायकोनं केली. धाकटीनंही केली.

"दादा, मी सामान कधी हलवू?"

"रविवारपर्यंत हलव. टेंपो मी सांगतो, भाडं तू दे."

वकीलबाईंनी सह्यांचा कागद फाइलला लावला. मग पाकीट फोडून सावकाश वाचायला लागल्या.

"'मी दोन चिठ्ठ्या लावल्या आहेत, दोन्ही मुलांच्या नावाची एकेक. दोन्ही जागेवर सापडल्या, तर घर दोघांना निम्मंनिम्मं. एकच सापडली, तर ती ज्या वस्तूखाली असेल ती वस्तू तेवढी त्या नावाला द्यावी. आणि ज्याची सापडणार नाही, अख्खं घर त्याचं.'"