फोटोखालचं नाव

“मग सुंदरबाई लिहू ना?” वाणी गुरुजींनी टाक दौतीत बुडवला.

शाळेच्या खोलीत गॅसबत्ती फसफसत होती. प्रौढांच्या इतिहासवर्गाचा हा तिसरा आठवडा. पहिल्यात लढे झाले, दुसऱ्यात लढ्यांतली गाणी, आणि आज फोटो. नंदुरबारचे फोटोवाले लालचंदशेठ तो स्वतः घेऊन आले होते. बेचाळीस साली याच तापीकाठच्या गावातून निघालेली बायकांची फेरी. फोटोची मूळ काच त्यांच्या वडिलांनी मिरचीच्या पोत्यात लपवली, म्हणून वाचली.

“झडतीवाल्यांनी सगळं दुकान उलथंपालथं केलं,” लालचंदशेठ म्हणाले, “पण पोत्यात हात घालील तो शिपाई अजून जन्मायचा होता!”

वर्ग हसला.

उद्या फोटो शाळेच्या भिंतीवर लागणार होता. खाली एक ओळ कोरी ठेवली होती, झेंडा धरणारीच्या नावासाठी. पण फोटोतल्या साऱ्या बायकांचे पदर हनुवटीपर्यंत ओढलेले. तोंड एकीचंही दिसत नव्हतं.

“तुम्ही तर फेरीत होता ना, शांतीबाई?” गुरुजींनी विचारलं होतं.

“व्हतू ना, गुर्जी. पन पदरमाईन काय दिसस? पुढलीन्या टाचा!”

तेव्हा करणसिंग उठला होता. “मन्ही माय शे ती. गावमा तिन्हाइतकी छाती कोन्ही व्हती, सांगा!” सुंदरबाई जाऊन चार वर्षं झाली होती. वर्गाने माना हलवल्या.

बायकांच्या रांगेत, भिंतीला टेकून धनुबाई बसली होती. पदराआड तिचं तोंड तापलं होतं. झेंडा धरणारी सुंदरबाई नव्हे, ती स्वतः होती. लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. घागर घेऊन नदीवर म्हणून निघाली, घागर निवडुंगाआड ठेवली आणि फेरीत शिरली. पुढची बाई दमली, तिने झेंडा जो हात सापडला त्या हातात दिला. संध्याकाळी धनुबाई भरली घागर घेऊन घरी आली. कुणाला कळलं नाही. कळलं असतं तर आभाळ कोसळलं असतं. सासरे मगन पाटील, सरकारी पाटील, आणि ‘मन्हा घरनी बाई फेरीमा जावाव नही’ ही त्यांची ताकीद.

तेच मगन पाटील आज पुरुषांच्या पहिल्या रांगेत बसले होते, तिच्याकडे पाठ करून. सासऱ्यापुढे सुनेने तोंड दाखवायचं नाही, आवाज काढायचा नाही. वर्गातसुद्धा धनुबाई उत्तर कुजबुजायची आणि शांतीबाई ते मोठ्याने सांगायची. आज मात्र ती शांतीबाईच्या कानाकडेही झुकली नाही. ओठ उघडले तर सासऱ्यांचा शब्द मोडल्याचं उघडं पडणार. मिटून घेतले तर ते नाव कायमचं दुसरीचं.

टाक कागदावर टेकणार, एवढ्यात मगन पाटील म्हणाले, “गुर्जी, दम धरा. एकदाव देखू द्या.”

त्यांनी फोटो गॅसबत्तीजवळ नेला. डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

“सुंदरबाई नही ही.”

“मंग कोन?” करणसिंग तडकला.

“मन्ही सून.”

मागे कुणाच्या तरी हातून पाटी पडली.

“आबा, तोंड तं दिसतच नही!”

“तोंड मी अजूनबी देखेल नही, भाऊ.” मगन पाटलांनी फोटोवर बोट ठेवलं. “हाऊ हात देख. चार बोटं काठीले धरी ऱ्हायनात, करंगळी उभीच. इतला वरीस झायात, मन्हापुढे रोज ताट ठेवस हाऊ हात. करंगळी अशीच उभी ऱ्हास. सुनना हात सासरा नही वळखाव, तं कोन वळखी?”

म्हाताऱ्याने फोटो गुरुजींपुढे ठेवला.

“बेचाळीसमा फौजदारले मी छातीवर हात ठेवीसन सांगं व्हतं, मन्हा घरनं कोनी नही म्हनीसन.” त्यांचा आवाज चढला. “आज मी खोटा पडनू, गुर्जी. बरं झायं खोटा पडनू. लिखा नाव.”

“काय लिहू, आबा?”

मगन पाटलांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सुनेचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. नातवाच्या नावाने ‘चुनीलालनी माय’, एवढंच.

मान न वळवता ते म्हणाले, “बेटा, तुन्हं नाव तूच सांग. जोरमा.”

बायकांच्या रांगेत हालचाल झाली. शांतीबाईने सवयीने कान पुढे केला. धनुबाईने तो हळूच बाजूला सारला आणि उभी राहिली.

“धनुबाई,” ती म्हणाली. आवाज बारीक निघाला. करणसिंग खाली मान घालून बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग आवाज मोकळा झाला. “आनि करणसिंगभाऊनी माय मन्हा मांगेच व्हती, गुर्जी. झेंडा मन्हा हातमा व्हता, गानं तिन्हं व्हतं. तिन्हंबी नाव लिखा.”

करणसिंगने उपरण्याने डोळे पुसले. “कोनतं गानं, वहिनी?”

तिने पदराआडून सूर लावला.

*तापीमायना पान्याले कोन बांध घाली?*
*मन्हा हातना झेंडा आते कोन करी खाली?*

दुसऱ्या ओळीला शांतीबाई मिळाली. तिसऱ्याला सारी रांग. गुरुजींचा टाक हातातच राहिला, शाईचा एक थेंब फरशीवर पडला.

मगन पाटील मागे वळले नाहीत. पुढेच बघत होते. पण बायकांना त्यांची पाठ दिसत होती, आणि गेली काही वर्षं वाकलेली ती पाठ गाणं संपेपर्यंत हळूहळू सरळ होत गेली.