अण्णांचा आंबा

"दादा, आंबा तोडू ना? अण्णांना किती वेळ असंच ठेवायचं?" गावाहून धाकट्या भावाने, शंभूने, फोनवर विचारलं.

डॉ. निशिकांत परुळेकरांची नजर इन्क्युबेटरवर होती. त्यात भाजलेल्या मुलीसाठी वाढवलेली त्वचा उद्या तयार होणार होती. विद्यापीठ कार्बनमुक्त करताना नियम त्यांनीच केला होता: प्रत्येक खोलीच्या विजेचा कार्बन एकेक नेमलेलं झाड शोषणार; ते पडलं की खोलीची वीज आपोआप बंद. ही प्रयोगशाळा आज सकाळी वारलेल्या वडिलांनी, अण्णांनी, लावलेल्या आंब्यावर चालायची आणि चितेला घरचाच आंबा तोडायचा, हा गावचा रिवाज.

"दुसरं लाकूड बघ."

"सगळीच झाडं कुणाकुणाच्या विजेसाठी नावावर गेलीत."

"मग आंब्याखाली खड्डा खण. अण्णांना पुरू."

पलीकडून घाव ऐकू आला. त्यांनी श्वास रोखून दिव्याकडे पाहिलं. दिवा चालूच होता. घाव कुदळीचा होता.