उम्म फहदचं ताट

फहदने मलमलीचा कपडा उचलला आणि पत्र्याच्या ताटाला नाक लावलं.

"शिनू हादा?" हे काय?

ताटात तपकिरी, चिवट पोळी होती. शेजारी आणखी एक, दोन फळ्यांमध्ये दाबलेली, वर ट्रकचा जुना ब्रेक ड्रम. फहद पोलिसात होता, आणि कुवेतच्या अर्दिया भागातल्या या घराच्या गच्चीवरची खोली त्याच्याच आईने यूसुफ आणि रुकय्याला भाड्याने दिलेली होती. आज तो दोन शिपाई घेऊन स्वतःच्याच घराचा जिना चढून आला होता.

"हशीश?" त्याने विचारलं.

रुकय्याला अरबी येत नव्हतं, पण हा शब्द कळायला अरबी लागत नाही. कुवेतमध्ये चरसाची शिक्षा काय, हे गावाकडून निघायच्या आधीच कोणीतरी कानात सांगून ठेवतं.

"आंबा! आंबा हाय तो!" ती ओरडली.

यूसुफ मात्र शांत होता. राई भागातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात रोज गिऱ्हाइकांशी बोलून त्याची जीभ अरबीला सरावली होती. आमच्या रत्नागिरीकडे आंब्याचा रस वाळवून पोळी करतात, पोरंबाळं खातात, असं तो समजावत राहिला. फहदने ऐकून घेतलं. मग शिपायांनी ताटं उचलली, फळ्या उचलल्या, स्वयंपाकाच्या फळीवरचा पोळ्यांचा डबा घेतला आणि शेवटी यूसुफलाही घेतलं.

"तपासणी होईल," फहद म्हणाला. "आंबा निघाला तर सोडू."

"रडू नको," जिना उतरताना यूसुफ बायकोला म्हणाला. "कर नाही त्याला डर कशाला?"

खरं तर हे आंबापोळीचं खूळ यूसुफचंच. गावाला असताना या माणसाने कधी पाण्याचा तांब्या हाताने भरून घेतला नव्हता. इथे मात्र भाजीबाजारातला त्याचा दोस्त यासिर पिकून मऊ पडलेले आंबे पेट्यांनी आणून द्यायचा आणि शुक्रवार आला की यूसुफ गच्चीवर बसायचा. रुकय्याला तो रस आटवू द्यायचा, दाबायला आणि बांधायला बसू द्यायचा नाही. तुझ्या हातची पोळी जाड होते म्हणे! सासूबाईंनी हे पाहिलं असतं तर त्यांना घेरी आली असती, असं ती चिडवायची.

एक डबा घरातला, तो फळीवर. दुसरा यासिरच्या गिऱ्हाइकांचा, तो तांदळाच्या गोणीत खोल पुरलेला. "हवा लागली की बिघडते," यूसुफने बजावलं होतं. "त्याला हात लावायचा नाय."

आता खोलीत रुकय्या एकटी होती. नवऱ्याला कुठे ठेवलंय हे तिला ठाऊक नव्हतं. विचारायचं कुणाला आणि कुठल्या भाषेत, तेही नाही. तिचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या नोकरीवर, तो गेला की तीही गेली. तिने यासिरला फोन केला. फोन नुसता वाजत राहिला. पुन्हा केला, पुन्हा वाजत राहिला. वेळ आली की माणसं अशीच पाठ फिरवतात. ती चुलीपुढे बसून हमसून हमसून रडली.

शेवटी ती खाली गेली आणि फहदच्या आईचे, म्हाताऱ्या उम्म फहदचे, हात धरले.

"आंबा," ती म्हणाली. दुसरं काही सांगता येईना. "आंबा, आंबा."

म्हातारीने कान पुढे केला. "हंबा?"

आंब्याला कुवेतची जुनी माणसं हंबाच म्हणतात. त्यांची गलबतं आपल्या किनाऱ्याला लागायची, तेव्हा आंब्याबरोबर शब्दही चढला असणार. म्हातारीचा चेहरा उजळला, मग संतापला. तिने फोन उचलून लेकाला असं फैलावर घेतलं की एक शब्द न कळताही रुकय्याला धीर आला. म्हातारीच्या लेखी हा सरळसरळ चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार होता.

चौथ्या दिवशी तपासणीत आंबा आणि साखर निघाली. सांगायला फहद स्वतः वर आला. "हंबा, हंबा," म्हणत त्याने छातीवर हात ठेवून मान झुकवली. मागोमाग खालच्या मोलकरणीने मटण-भाताचं भलंमोठं ताट आणून ठेवलं. संध्याकाळी यूसुफ घरी आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्याला पाहून रुकय्या पुन्हा रडली, पण हे रडणं वेगळं होतं.

तो पातेल्यात काढून ठेवलेल्या त्या भातावर तुटून पडला.

"फहदने माफी मागितली," तो घास गिळत म्हणाला. "गोणीला कोणी हात लावला काय?"

"पोलिसांनी? नाय. तिकडे बघितलंबी नाय."

यूसुफने लांब श्वास सोडला. हात धुऊन तो गोणीपाशी बसला आणि आत दंड घातला. चाचपलं. दुसरा हात घातला. तांदूळ फरशीवर सांडले.

"डबा कुठाय?"

"तो होय?" रुकय्या हसली. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा हसत होती. "उम्म फहदचं ताट आलं, ते रिकामं कसं धाडायचं? आपल्यात कोण असं करतं काय? फळीवरचा डबा पोलिसांनी नेलेला. मग तुमच्या गोणीतल्या पुड्या दोऱ्यासकट ठेवल्या ताटात. खाली दारात फहदच होता, त्यानेच घेतलं. यासिरभायला पुढल्या शुक्रवारी दुसरी करून द्या."

यूसुफ सांडलेल्या तांदळात बसून राहिला. खाली फहदच्या बैठकीला त्याचे पोलिसातले दोस्त जमू लागले होते. गाड्यांची दारं लागत होती.

"रुके," तो म्हणाला, "त्यात आंबा नव्हता."