गाळलेली ओळ

रॅपच्या स्पर्धेला दोन तास उरले होते. लेकीनं लिहिलेलं पहिलंच कडवं बाबांना ऐकायचं होतं. ते टेबलावर बोटांनी ठेका धरून बसले. ती म्हणू लागली, पण तिसरी ओळ तिनं हळूच गाळली. "ओळ खाल्लीस. ठेका तुटला." "तुम्हाला त्रास होईल, बाबा." "म्हण तू." तिनं वहीत डोकं खुपसलं. "घाटात ब्रेक दगा देऊन गेले, आमच्या आईला घेऊन गेले." बोटं थांबली. बाबांनी वही ओढली आणि 'ब्रेक' खोडलं. "ब्रेक ठणठणीत होते. गाडी चालवताना मला झोप लागली होती." त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. "आता खरं लिही." तिनं लिहिलं. पेन्सिल इतकी दाबली की पानाला भोक पडलं. वही छातीशी धरून ती दारात उभी राहिली. "हे मी सगळ्यांसमोर म्हणणार." बाबांनी चपला घातल्या. "पुढच्या रांगेत बसतो."