म्हाताऱ्यांचं पाणी

“किनाऱ्यावर बसून आम्हाला मोजू नकोस गं पोरी, चुकशील,” गुसिल तिला एकदा म्हणाली होती. गुसिल गावातल्या बुडी मारणाऱ्या बायकांची म्होरकी. सोदाम नुसती हसली होती. मोजणं तिला चांगलं जमायचं. बाळाचं दूध, बाळाची झोप, बाळाचा ताप, सगळ्याची नोंद तिच्याकडे असायची. मग सासूचा श्वास तेवढा का सोडायचा?

स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. लेकीला, रोआला, पाठीशी बांधून, डोळ्याला दुर्बीण लावून ती दोन महिने बघत होती. बाकीच्या बायका तरंगायचे नारिंगी फुगे घेऊन खोल पाण्यात जायच्या, शंख-शिंपले काढायच्या. तिची सासू चुन्हवा मात्र म्हाताऱ्यांच्या पाण्यात. किनाऱ्यालगतचा तो उथळ पट्टा गावानं पंच्याहत्तरीपुढच्या आणि थकलेल्या बायकांसाठी राखलेला. सध्या तिथे एकच म्हातारी उतरायची, शेजारची मल्जा. वय एकोणऐंशी. चुन्हवा तिच्याहून बारा वर्षांनी लहान.

“मल्जा मावशी दहा बुड्या मारतात तेवढ्यात तुमच्या दोन होतात,” जेवताना सोदामनं विषय काढला. “बाकीचा वेळ नुसत्या तरंगता. शरीर थकलंय आई, मान्य करा. थांबा आता.”

“सदुसष्ट हे काय थांबायचं वय आहे?” चुन्हवानं किमचीचं पान भातावर पसरलं. “इथे ऐंशीला थांबतात. हार घालतात, फोटो काढतात. त्याआधी उठली ती पळपुटी. आणि निवृत्ती तुम्ही मला शिकवणार? तुझ्या नवऱ्यानं एकोणचाळिसाव्या वर्षी सोल शहरातली नोकरी सोडली, निवृत्त झालो म्हणून जेजू बेटभर सांगत फिरला. आता उजाडल्यापासून लोकांना कॉफी गाळून देतोय.”

“ती त्याची आवड आहे.”

“मग ही माझी.”

“कॉफीत कोणी बुडत नाही, आई.” सोदामचा आवाज चढला. “गेल्या वर्षी पलीकडच्या गावातली ती बाई खाली गेली आणि वर आलीच नाही. तुमच्याच वयाची होती. रोआला आजी हवी आहे. रोज खिडकीत उभी राहून मी तुमचा श्वास मोजते.”

चुन्हवानं नातीच्या हनुवटीवरचा भात पुसला.

“मल्जाताई थांबली तर मी थांबते,” ती म्हणाली. “ती उतरतेय तोवर मला अडवायचं नाही.”

म्हणजे चुरस होती तर. आपल्याहून बारा वर्षांनी मोठ्या बाईच्या आधी उठायची लाज. सोदामला हसूच आलं. दुपारी ती संत्र्यांची पिशवी घेऊन मल्जाकडे गेली.

“ऐंशीला अजून चार महिने आहेत,” मल्जा म्हणाली. “हार गळ्यात पडल्याशिवाय मी उठायची नाही. आणि तू कोणाची गं सून?”

“मावशी, तुमची थट्टा काही संपत नाही!” सोदाम म्हणाली आणि घरी आली.

तिनं दोन दिवस विचार केला. मग रोआला भरवता भरवता सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, “आई, मल्जा मावशींनी काल निवृत्तीच्या कागदावर सही केली म्हणे. थांबल्या त्या.”

“मला बोलली नाही?”

“विसरल्या असतील. शहरात मुलीकडे गेल्यात, चार दिवसांसाठी.”

चुन्हवानं हातातली वाटी खाली ठेवली. “विसरली असेल,” ती हळूच म्हणाली. “हो. विसरलीच असेल.”

त्याच दुपारी तिनं सहकारी संस्थेच्या कार्यालयात जाऊन निवृत्तीच्या कागदावर आपला शिक्का उमटवला. एकदा शिक्का पडला की त्या बाईला पुन्हा पाण्यात उतरता येत नाही. सोदामनं सगळा हिशेब मांडला होता. मल्जा दिसेल, खोटं उघडं पडेल, सासू आठवडाभर अबोला धरेल. आठवड्याचा अबोला आणि आजीचं आयुष्य. यात दोनदा विचार करण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी ओहोटी चांगली होती. नऊच्या सुमाराला मल्जा खांद्यावर फुगा टाकून उतारावरून एकटीच खाली जाताना दिसली. सोदामनं खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि दुर्बीण फडताळात ठेवून दिली. कितीतरी दिवसांनी तिनं गरम चहा गरम असतानाच प्यायला.

साडेदहाला मागच्या अंगणात चुन्हवा रोआला मांडीवर घेऊन संत्रं सोलत होती.

“कसं मोकळं वाटतंय गं,” ती म्हणाली. “आता तुला सांगायला हरकत नाही. ताईला दिलेला शब्द काल संपला. मी थकले नव्हते, पोरी. दोन वर्षं मी दाखवण्यापुरत्याच बुड्या मारल्या.”

“आणि तुमच्या जाळीत शंख-शिंपले असायचे ते?”

“ताईच टाकायची, तिच्यातले. कोणाला संशय नको म्हणून.” चुन्हवानं फोडीची बी काढली आणि फोड रोआच्या तोंडात दिली. “ताई खाली जाते ती अजून माशासारखी. पण वर आली की किनारा कुठल्या अंगाला, हेच तिला आठवत नाही. सरळ बाहेर पोहत सुटते. मी खांद्याला धरून फिरवायची. दर खेपेला. गुसिलला कळलं असतं तर त्याच दिवशी तिला पाण्याबाहेर काढलं असतं, आणि मग ती जगली नसती. बरं झालं बाई, आपणहून थांबली.”

सोदाम आत धावली. पडदा सरकवला. उथळ पाण्यात एकही नारिंगी ठिपका नव्हता.

गावाचं कार्यालय चार घरं सोडून होतं. ती धापा टाकत आत शिरली आणि सरपंचाच्या टेबलावरचा माईक तिनं स्वतःकडे ओढला. गावभरच्या खांबांवरचे कर्णे एकदम खरखरले.

“मी चुन्हवाची सून बोलतेय. जे कोणी ऐकत असाल, हातातलं काम टाकून आधी उठा. मल्जा मावशींना बघा. किनाऱ्याजवळ शोधू नका. बाहेर बघा, भर समुद्राकडे.”