हळदीतला हार

"मेल्यानं पायताणासकट सारवलेलं तुडवलं," ओट्यावर लसूण सोलत बसलेली ठकुबाई पुटपुटली. हरेशला ऐकू जावं म्हणूनच.

हरेशनं चपला काढल्या. खांद्यावर मशीन होतं, काठीच्या टोकाला चकती लावलेलं. जमिनीत धातू असला की ते वाजायचं. बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये मातीत गेलेलं भंगार शोधायला भिवंडीतले व्यापारी त्याला बोलवत. मशीन चालवणं सोपं. अवघड काम वेगळंच, लोकांच्या दारात उभं राहून 'तुमची जमीन जरा तपासू का' म्हणून विचारणं. माणसं अशी बघतात, जणू कपाटाची चावीच मागितली.

आज मात्र अंजूरच्या या आळीत प्रत्येक घरानं हसत होकार दिला होता. ते कमळमुळं. ती याच आळीची सून. चार वर्षांपूर्वी शेजारच्या चंद्राच्या लेकीची हळद होती, आणि नाचता नाचता कमळच्या गळ्यातला हार कुठंतरी पडला. आईनं दिलेला, सोन्याचा. तिनं दारोदार तेच सांगितलं. हळदीत आख्खी आळी नाचलेली, याच्या अंगणातून त्याच्या परसात. "शोध गो बाय, तुझ्या आयशीची आठवण ती," बायका म्हणाल्या. नाही कोण म्हणणार?

त्या हळदीच्या रात्रीच तिचा नवरा हिरामण घर सोडून गेला होता. सकाळी अंथरूण रिकामं. सुरतेला गेला, तिथं दुसरी केली म्हणे. कमळ माहेरी, वळ गावी जाऊन राहिली, ती आज परतली होती. मघाशी चंद्राच्या तोंडून निसटलंच, "टेम्पोनं उडवल्यापासून त्याला मोरीपर्यंत धड चालवत नव्हतं, नि सुरत बरी गाठली!" मग तिनं स्वतःच जीभ चावली. कमळच्या कपाळावर कुंकू ठसठशीत होतं.

चंद्राच्या अंगणात मशीन वाजलं होतं. हरेशनं खणलं तर सोन्याचा बारका दागिना, मुगवट निघाली. कमळनं ती नीट पाहिलीही नाही. चंद्राच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "पुढं चला."

बाई सरळमार्गी दिसते, हरेशला वाटलं.

आता शेवटचं घर, तिच्या सासरचं; ठकुबाई तिची सासू.

"आई, परसात बघू द्या," कमळ म्हणाली.

"परसात काय हाय? कुत्री लोळतात तिथं." ठकुबाईनं मान वर केली नाही. "चहा पी नि जा."

"उद्या तिथं काँक्रीट पडतंय. मग कधी बघू?"

ते खरं होतं. थोरला दीर केसरीनाथ परसात गोदाम बांधत होता. या परसावरूनच भावाभावांचं वाजायचं. हिरामणला गोदाम नको होतं, त्याला तिथं भाजीपालाच हवा होता. आता सळयांचा ढीग येऊन पडला होता, सकाळी मिक्सर येणार होता.

"न्हाय म्हटलं ना," ठकुबाई म्हणाली.

हरेशचा एक ठोकताळा होता. जे घर नाही म्हणतं, त्याच घरात काहीतरी असतं. म्हातारीला हार कधीचाच सापडलाय आणि तिनं तो ट्रंकेत घातलाय, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

तेवढ्यात केसरीनाथ बाहेर आला. हसतमुख माणूस. "बघू दे गो आये! आळीनं बघू दिलं, नि आपणच आडवं लागायचं? बरं दिसतं का?" हरेशच्या खांद्यावर त्यानं हात टाकला. "फक्त सळयांपाशी जाऊ नको दादा, मशीन येडं व्हईल."

परसात तो सोबतच हिंडला. "हार मिळाला तर अर्धा माझा हां, कमळ!" पत्र्याचा तुकडा निघाला, बाटलीची बुचं निघाली. ठकुबाई मागच्या दारात येऊन उभी होती.

पपईजवळ मशीन पुन्हा वाजलं. हरेशनं चकती मागंपुढं फिरवली.

"हार न्हाय, ताई. हार एका जागी वाजला असता. हे लांबट हाय."

"किती लांब?" दिवसभरात पहिल्यांदाच तिनं काही विचारलं होतं.

हरेशनं दोन्ही हातांत अंतर धरून दाखवलं.

"पाण्याचा जुना पाइप," केसरीनाथ म्हणाला. "चल पुढं."

"पाइप कुठंतरी गेला असता ना, दादा. हे दोन्हीकडं संपतंय."

"तुला सांगितलं ना, पाइप हाय!"

हसू गेलं होतं. केसरीनाथनं सळयांच्या ढिगापासचं फावडं उचललं होतं. कशाला, ते हरेशला कळेना. लोखंडाच्या तुकड्यासाठी एवढं?

कमळ खाली बसली. तिनं मातीवर तळवा ठेवला आणि हळूहळू थोपटू लागली, आजारी माणसाला थोपटावं तसं.

"खणा," ती म्हणाली.

"ताई, पण हे सोनं न्हाय."

"माहीत हाय मला."

"खबरदार, कुणी हात लावला तर," केसरीनाथ म्हणाला.

मशीन तेवढं वाजत राहिलं. ते बंद करायचं हरेशला सुचलं नाही.

ठकुबाई अनवाणीच परसात उतरली. लुगड्यावरची लसणाची सालं वाटेत गळत गेली. तिनं थोरल्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि सुनेसमोर ठेवलं.

"हिरामणच्या मांडीतला रॉड हाय तो, पोरी. तू नाचत व्हतीस, तवा यानं खड्डा खणला. बॅटरी मी धरली व्हती."